याशिका इलेक्ट्रो ३५ बंद पडलाय? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

मुंबईत चोर बाजारात, फोर्टला बोरा बाजारात किंवा घरातल्या माळ्यावर एखादा जुना फिल्म कॅमेरा हाती लागतो. झटकून पुसून सेल घातला की तो एक तर चालतो, नाही तर ‘इलेक्ट्रॉनिक्स गेलं’ असा शेरा मारून परत माळ्यावर जातो. हा शेरा बऱ्याचदा चुकीचा असतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमेऱ्यांत सर्किट मरण्याआधी सेलचा कप्पा कळकतो, वायर आतून काळी पडते, संपर्कांवर थर बसतो किंवा एखादं रबर विरघळतं. या गोष्टी घरी टेबलावर तपासता येतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी घरीच दुरुस्त होतात.

इथे उदाहरणाला याशिका इलेक्ट्रो ३५ घेतला आहे. पहिला इलेक्ट्रो ३५ आला १९६६ मध्ये. हॉट शू (फ्लॅश बसवायची वरची खाच) असलेलं जीएसएन हे मॉडेल १९७३ मध्ये. त्याची ४५ मिमी एफ १.७ ची याशिनॉन लेन्स आजही उत्तम चित्र देते. शिकायला हा कॅमेरा चांगला, कारण त्याची लक्षणं बोलकी आहेत. नीट विचारलं तर बिघाड कुठे आहे ते तो जवळजवळ स्वतःच सांगतो.

आधी तो चालतो कसा ते समजून घ्या

या कॅमेऱ्यात ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा मोठा तर भोक लहान) तुम्ही निवडायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत, मधला कुठलाही. बटण दाबलं की शटरची पाती स्प्रिंगच्या जोरावर उघडतात. उघडायला वीज लागत नाही. वीज लागते ती उघडी धरून ठेवायला. एक छोटा विद्युतचुंबक पाती मिटू देत नाही. तेवढ्यात एक कपॅसिटर भरत असतो, आणि तो ठरावीक पातळीला पोचला की चुंबक सुटतो, पाती मिटतात. कपॅसिटर किती वेगाने भरणार हे पुढच्या छोट्या खिडकीमागचा कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसेल ठरवतो. उजेडात त्याचा रोध कमी, म्हणून कपॅसिटर पटकन भरतो आणि शटर लवकर मिटतं. अंधारात रोध वाढतो, शटर रेंगाळतं.

एवढं डोक्यात बसलं की निदान सोपं होतं. सेलच नसेल तर चुंबकात जोर नाही, पाती उघडताक्षणी मिटतात. म्हणजे कॅमेरा कायम १/५०० च्या आसपास चालतो. प्रकाशसेलची वायर तुटली असेल तर सर्किटच्या दृष्टीने कायमची अमावास्या. शटर उघडं ते उघडंच. म्हणून ‘शटर टिक करतं, म्हणजे कॅमेरा चालू आहे’ या विक्रेत्याच्या बोलण्याला काही अर्थ नाही. या कॅमेऱ्याचं शटर सेल नसतानाही टिक करतं.

न उघडता करायच्या चाचण्या

फिल्म नको. मागचं दार उघडं ठेवा, सेल घाला, फिल्म पुढे नेण्याची लिव्हर पूर्ण फिरवा.

जीएसएनच्या मागच्या बाजूला सेल तपासायचं छोटं बटण आहे. ते दाबलं की फ्रेमचा आकडा दिसतो ती जागा हिरवी उजळते. दिवा ठळक लागला तर सेलपासून त्या बटणापर्यंतची वाट चालू आहे. एवढंच. शटरपर्यंत वीज पोचते याचा तो पुरावा नाही. तिकडे जाणाऱ्या वायरी आणि स्विच वेगळे. शिवाय साधा बल्ब उलट्या घातलेल्या सेलवरही पेटू शकतो, म्हणून कप्प्यातली धन-ऋणाची खूण पाहूनच सेल घाला.

आता बटण अर्धं दाबून वरचे दोन बाण पाहा. पिवळा म्हणजे शटर १/३० पेक्षा हळू, लाल म्हणजे उजेड इतका की १/५०० सुद्धा पुरणार नाही. दोन्ही बंद असतील तर सगळं ठीक, आणि इथेच नवखा माणूस गोंधळतो, कारण कॅमेरा पूर्ण मेलेला असला तरी दोन्ही बंदच असतात. म्हणून दिवे लागायलाच हवेत अशी परिस्थिती तयार करा. खोलीत, एफ १६ वर: पिवळा लागला पाहिजे. दुपारच्या उन्हाकडे, एफ १.७ वर आणि एएसएची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्या आकड्याची) कडी सगळ्यात वरच्या आकड्यावर नेऊन: लाल लागला पाहिजे.

तिसरी चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. मागून लेन्समधून पाहत, कॅमेरा दिव्याकडे धरून बटण दाबा. मग पुन्हा लिव्हर फिरवून प्रकाशसेलच्या खिडकीवर बोट ठेवा आणि दाबा. पहिल्या वेळी झटपट टिक, दुसऱ्या वेळी शटर बराच वेळ उघडं, असं झालं तर कॅमेऱ्याचं मुख्य सर्किट जिवंत आहे. दोन्ही वेळा झटपट मिटलं तर चुंबकापर्यंत वीज जात नाही. दोन्ही वेळा रेंगाळलं तर प्रकाशसेल, त्याची वायर किंवा आतले संपर्क संशयित. शटर उघडतच नसेल तर हा विजेचा प्रश्न नाही, पात्यांवर तेल चिकटलंय. ते काम वेगळं.

चौथी गोष्ट कानांनी तपासायची. लिव्हर पूर्ण फिरवताना आतून एक जाड ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. तो आला की नाही हे लिहून ठेवा, पुढे लागेल.

सेल: अर्धी भानगड इथेच मिटते

मूळ कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून असे सेल मोडीत काढले, इतर देशांनीही तेच केलं. आता वापरायचा तो ६ व्होल्टचा ४एलआर४४. व्होल्टेज थोडं जास्त असलं तरी हा कॅमेरा ते सहज पचवतो. अडचण आकाराची आहे: ४एलआर४४ साधारण १३ मिमी जाड आणि २५ मिमी लांब, कप्पा त्याहून बराच मोठा. तयार अडॅप्टर मिळतात. घरी करायचा तर सेलभोवती जाड कागदाची नळी गुंडाळा आणि उरलेली लांबी टॉर्चमधल्या स्प्रिंगने किंवा पितळी तुकड्याने भरा. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा कोंबू नका. तो दबतो, त्यावर थर चढतो, आणि आठवड्याभरात ‘कधी चालतो, कधी नाही’ असा नवाच रोग सुरू होतो. स्प्रिंग कप्प्याच्या भिंतीला टेकत नाही ना, हेही पाहा.

नवीन सेलही मल्टिमीटरवर तपासा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेले सेल सर्रास मिळतात. नुसतं व्होल्टेज फसवं असतं. सेलच्या दोन टोकांना ४७० ओहमचा रेझिस्टर जोडून मग मोजा. आकडा साडेपाचच्या खाली घसरला तर सेल बाद.

कप्प्यात जुना पाऱ्याचा सेल अडकलेला असेल तर हातमोजे घाला, लाकडी काडीने ढकलून काढा. कापू, तापवू किंवा फोडू नका. बंद डबीत घालून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

कळकलेला कप्पा

झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहा. पांढरी भुकटी म्हणजे अल्कलाइन सेलमधून गळालेला क्षार, हिरवं-निळं म्हणजे तांब्या-पितळेवरचा कळंक. कोकणात, मुंबईत, जिथे पावसाळ्यात कपाटातले बूटसुद्धा बुरसतात, तिथे सेल आत ठेवून दिलेला कॅमेरा बहुधा असाच सापडतो.

इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घ्या. टपकता कामा नये. संपर्काच्या पत्र्यावर फिरवा. क्षार असेल तर बारीक फेस येईल. फेस थांबेपर्यंत बड बदलत राहा. मग डिस्टिल्ड पाण्याचा बड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. व्हिनेगर आत राहिलं तर तेच पुढे धातू खातं, म्हणून शेवटच्या दोन पायऱ्या गाळू नका. थर घट्ट असेल तर टूथपिकने खरवडा. पॉलिश पेपर फार हलक्या हाताने. संपर्कावरचा मुलामा गेला की पितळ उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. कप्प्याच्या झाकणाच्या आतला पत्रा लोक विसरतात. वीज तिथूनही जाते.

पुन्हा चाचण्या करा. पुष्कळ कॅमेरे इथेच उठून बसतात.

तळ उघडणं

नाही उठला तर आता स्क्रू ड्रायव्हर. पण कुठला? जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. घरातला फिलिप्स त्यांत वर-वर बसतो आणि जोर लावला की डोकं खातो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर जेआयएसचा बारीक सेट मिळतो, नाही तर ऑनलाइन. बाकी सामान नेहमीचं: कंटिन्युइटीला (वाट अखंड असली की) आवाज देणारा मल्टिमीटर, चिमटा, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, राळ असलेली सोल्डर वायर, बारीक लवचिक वायर, श्रिंक ट्यूब.

सेल काढा. टेबलावर पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे पडलेला स्क्रू उडत नाही आणि दिसतो. तळाची पट्टी काढण्याआधी फोटो, काढल्यावर फोटो. प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्या जागी ठेवा. लांबीत फरक असू शकतो.

आता सेलच्या कप्प्याला जोडलेल्या वायरी दिसतील. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक कप्प्यातल्या संपर्काला आणि दुसरं वायर जिथे सोल्डर केली आहे तिथे लावा. आवाज आला तर संपर्क ठीक. मग तिथून वायरच्या दुसऱ्या टोकापर्यंत. धन आणि ऋण, दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासा. तपासताना वायर बोटाने हलवा. स्थिर असताना आवाज येतो आणि हलवल्यावर तुटतो, ही वायर मेलेली समजा.

सेलमधून गळालेला क्षार वायरच्या तारांतून, प्लास्टिकच्या आत, बराच पुढे सरकतो. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा. त्यामुळे बाहेरून लालभडक दिसणारी वायर आतून काळी असते. टोकाचं प्लास्टिक थोडं सोलून पाहा. तांबं काळं दिसलं तर त्यावर सोल्डर कधीच बसणार नाही. कितीही राळ लावा, थेंब गोळा होऊन घरंगळतो. चमकतं तांबं लागेपर्यंत कापत जा. तेवढी लांबी उरत नसेल तर पूर्ण वायर बदला.

बदलताना एका वेळी एकच वायर. दोन्ही एकदम काढल्या तर कुठली कुठे हे फोटोवरूनही नीट कळत नाही, कारण जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात. कप्प्याला प्लास्टिक चिकटून असतं, तेव्हा आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका. नव्या वायरच्या टोकाला आधीच सोल्डर लावून घेतलं की काम तेवढ्यात होतं. हेडफोनची वायर वापरू नका; तिच्या केसासारख्या तारांवर वार्निश असतं, आणि ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही.

तळ उघडा असतानाच सेल घालून चाचण्या करा. सगळं बंद करून मग कळलं की अजून तसंच आहे, तर चिडचिड होते.

दिवा लागतो, शटर मात्र ऐकत नाही

हिरवा दिवा ठळक, पण पिवळा-लाल मनाला येईल तसे, किंवा चित्रं सतत जास्त उजळ. आधी फुकटचा उपाय करा: ॲपर्चरची आणि एएसएची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, सेल काढून शटर तेवढ्याच वेळा दाबा. संपर्कांवरचा थर घासून जातो. तात्पुरता का होईना, फरक पडला तर कारण संपर्कातच आहे.

मग तो ‘टक्’ आठवा. लिव्हर फिरवताना तो येत नसेल तर दोष विजेचा वाटला तरी विजेचा नाही. इलेक्ट्रो ३५ मध्ये लिव्हर फिरवल्यावर आतला एक सरकता दांडा आपल्या जागी परत जातो, आणि त्याच्या हालचालीवर स्विच उघडतात-मिटतात. तो दांडा ज्या इवल्याशा रबराच्या तुकड्यावर टेकतो, ते रबर पन्नास वर्षांत चिकट होऊन विरघळतं किंवा भुगा होतं. दांडा मग चुकीच्या जागी थांबतो, स्विच धड उघडत नाहीत की धड मिटत नाहीत. दिवे भरकटतात, वेग चुकतात, कधी बटणच अडकतं. जगभरातले हौशी लोक या रबराला ‘पॅड ऑफ डेथ’ म्हणतात, आणि या मॉडेलच्या बंद कॅमेऱ्यांत ते नेहमीचं दुखणं आहे.

रबर बदलणं महाग नाही, तिथे पोचणं अवघड आहे. वरचं झाकण काढायचं, दर्शनी कातडं सोलायचं, लेन्सचा अख्खा भाग बाहेर घ्यायचा, आणि त्याला वायरी सोल्डर केलेल्या असतात. पहिल्याच कॅमेऱ्यावर हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण ‘इलेक्ट्रॉनिक्स गेलंय’ म्हणून नेऊ नका. ‘सेल, कप्पा, वायरी तपासल्या आहेत, हिरवा दिवा लागतो, लिव्हरला टक् येत नाही’ असं सांगा. त्याचा वेळ वाचतो, आणि उगाच सर्किट बदलण्याच्या गप्पाही होत नाहीत.

तरीही स्वतः उघडायचंच असेल तर भंगारातला दुसरा इलेक्ट्रो घेऊन त्यावर हात बसवा. दोन गोष्टी लक्षात असू द्या. रिवाइंडची मूठ काढताना मागचं दार उघडून आतला काटा धरून ठेवायचा आणि मगच मूठ उलटी फिरवायची. आणि जीएसएनचं वरचं झाकण झटका देऊन उचलायचं नाही, कारण हॉट शूची वायर त्याला जोडलेली असते. जुन्या रबराचा चिकटा अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवं रबर चिकटवलं तर ते निसटतं.

इथे शिकलेली हीच पद्धत दुसऱ्या कॅमेऱ्यावर वापरणार असाल तर एक सावधगिरी. इलेक्ट्रो ३५ मध्ये अंगचा फ्लॅश नाही, म्हणून तो निर्धोक. ज्या छोट्या कॅमेऱ्यांत फ्लॅश आतच असतो, त्यांच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते टिकून राहतात. ते कॅमेरे नवख्याने उघडू नयेत.

वेग बरोबर आहे का?

कॅमेरा चालू झाला असं वाटलं की मोबाइलने मोजा. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाइल पुरेसा आहे. मागचं दार उघडून, उजेड असलेल्या खिडकीकडे लेन्स करून, मागून व्हिडिओ काढा. मग एक-एक फ्रेम सरकवत शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा. १/३० ला आठ फ्रेम, १/६० ला चार. पिवळा दिवा जेमतेम विझतो अशा जागी ॲपर्चर लावलं तर आठच्या आसपास यायला हवेत. सात-नऊ चालतील. पंधरा आले तर चित्रं जवळजवळ एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजळ येणार. तात्पुरता उपाय म्हणून एएसए दुप्पट लावता येतो. १/२५० च्या पुढे ही युक्ती निरुपयोगी, तिथे सगळं एकाच फ्रेममध्ये उरकतं.

फिल्म घालण्याआधी दाराच्या कडेचा काळा फोम पाहून घ्या. बोटाला डांबरासारखा लागत असेल तर तोही बदलायचा, नाही तर इतकी मेहनत करून फोटोवर केशरी पट्टे येतील.

पहिला रोल निगेटिव्हचाच घ्या, स्लाइडचा नको. निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त उजेड निभावून नेते. एकच दृश्य एफ २.८, ५.६ आणि ११ वर घ्या, एकदा उन्हात, एकदा सावलीत, एकदा संध्याकाळी घरात, आणि काय कुठे घेतलं ते वहीत लिहा. धुऊन आल्यावर स्कॅन नव्हे, निगेटिव्ह पट्टी खिडकीशी धरून पाहा, कारण स्कॅन करणारा चुका झाकून देतो. तिन्ही ॲपर्चरला निगेटिव्ह सारखीच दाट दिसली तर काम झालं. उन्हातल्या ठीक आणि घरातल्या पातळ असतील तर हळू वेगांना चुंबक धरत नाही. पुन्हा सेल आणि संपर्कांकडे जा. सगळ्याच गर्द काळ्या असतील तर लिव्हर फिरवा आणि त्या ‘टक्’कडे कान द्या.

आणि महिनाभर वापरणार नसाल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा.